सशाला वेगळी, हरणाला वेगळी

भिवंडी, ९ फेब्रुवारी

गंधार,

सुरुवातीला आशीर्वाद लिहावेत की नाही, यातच माझी अर्धी दुपार गेली. शेवटी लिहिले नाहीत. तूही तुझ्या मेलमध्ये 'आई' लिहिलेलं नाहीस, सरळ मुद्द्यावर आलास. मीही तशीच येते. आशीर्वाद काय, न लिहिताही असतातच.

मेल दुकानाच्या पत्त्यावर आला, तेव्हा मला वाटलं एखाद्या लेन्स कंपनीची जाहिरात असेल. पुसणारच होते, तेवढ्यात खाली तुझं नाव दिसलं. बाबा गेल्यावर तेराव्याचं जेवून तू न्यूझीलंडला परत गेलास, त्यानंतरचं हे तुझं पहिलं अक्षर. आणि त्यात काय, तर रायफलवर लावायचा स्कोप कुठला घेऊ. ससे, रानडुकरं, हरणं आणि बर्फाच्या डोंगरातले ते थार नावाचे बोकड, अशी चार तऱ्हेची शिकार आहे, दर दुकानदार वेगळं सांगतो, भिंगांचं तुला कळतं, उत्तर इथेच दे, फोन करू नकोस. बरं. फोन करत नाही.

कोंबडी कापताना बघून तुला दोन दिवस ताप आला होता, ते आठवून हसूही आलं. आपल्याकडे ससा मारला तर माणूस तुरुंगात जातो. तुझ्याकडे म्हणे ससे मारले नाहीत तर शेतकरी शिव्या घालतात. देश तसा वेश म्हणायचं.

धामणकर नाक्यावर चष्मे विकून माझे केस पांढरे झाले, पण बंदुकीची दुर्बीण आजवर कुणी मागितलेली नाही. तरी भिंग ते भिंगच. तू पाठवलेल्या यादीत ३-९×४० असं लिहिलंय, त्याचा अर्थ एवढाच की वस्तू तिपटीपासून नऊपटीपर्यंत जवळ आणता येते आणि पुढची काच चाळीस मिलिमीटर रुंद आहे. बाकी सगळी जाहिरात.

आज फक्त सशाचं सांगते. ससा तू लहान रायफलीने मारणार, तीस-चाळीस पावलांवरून. मोठ्या शिकारीचे स्कोप शंभर यार्डांचा हिशेब धरून बसवलेले असतात. तो स्कोप जवळच्या सशावर धरलास तर आतली नेम धरायची फुली आणि ससा एका पातळीवर येत नाहीत. डोकं जरा हललं की फुली सशावरून सरकते. डोळ्यासमोर बोट धरून मान हलव, बोट भिंतीवर सरकताना दिसेल, तसंच हे. म्हणून सशाला छोट्या रायफलीसाठीच केलेला, पन्नास यार्डांवर बसवलेला स्कोप घे. नाहीतर अंतर जुळवायची कडी असलेला घे. चौपट मोठं दिसलं तरी पुष्कळ झालं.

डुकराचं आज लिहीत नाही, तो अभ्यासाचा विषय आहे. तुझा चष्म्याचा नंबर आता किती आहे, ते आधी कळव. नेम कुठल्या डोळ्याने धरतोस, तेही.

अनसूया
(तुला 'आई' चालत असेल तर तसं वाच)


भिवंडी, १९ फेब्रुवारी

गंधार,

नंबर मिळाला. डावा वाढलाय, उजवा आहे तिथेच आहे. जेवताना फोन बघत असशील.

फोटोही मिळाला. मी मागितला नव्हता, तू पाठवलास, म्हणून तो कॉम्प्युटरवर मोठा करून करून पाहिला. तू जाड झालास. दाढी शोभत नाही. शेजारी ट्रकला टेकून उभा असलेला उंच म्हातारा, जुनाट टोपीवाला, तोच कॉलिन ना? शेजारच्या शेताचा मालक, ज्याने तुला बंदूक धरायला शिकवली आणि जो रविवारी जेवायला बोलावतो. चांगला दिसतो माणूस. तुझ्या उजव्या भुवईवर पट्टी आहे, त्याबद्दल तू एक शब्द लिहिला नाहीस. मीच सांगते, तुला स्कोप लागलाय. बंदुकीचा दणका बसला की नळी मागे येते, आणि डोळा काचेला चिकटवून ठेवला की भुवई फुटते. मोठ्या रायफलीवर डोळा आणि काच यांच्यात चार बोटं अंतर हवं. स्कोप घेताना सगळ्यात आधी हे बघायचं. किती मोठं दिसतं ते नंतर.

डुकरासाठी मी मुनीरभाईंना विचारलं. आपल्या मागच्या गल्लीतले लूमवाले, माझ्या मैत्रिणीचे, जैनबचे यजमान, तुला आठवत असतील. त्यांच्या वडिलांकडे शिकारबंदी यायच्या आधी परवान्याची बंदूक होती, आणि लहानपणी ते अकलोलीच्या बाजूच्या रानात त्यांच्याबरोबर जायचे. चहा पीत म्हणाले, "ताई, डुक्कर रुकता नहीं है. झाडीतून समोर आला तर पाच पावलांवर असतो. तुमच्या नऊपट दुर्बिणीत त्याचे केस दिसतील, डुक्कर नाय दिसणार."

मला हे पटलं. मोठं दिसायला लागलं की आजूबाजूचं कमी दिसतं, हा भिंगाचा नियमच आहे. डुकराला एकपट ते चारपट असा स्कोप घे, तो एकपटीवर ठेव आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून धर. जैनब शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "अनसूया, हे सगळं पोराला एका कागदावर लिहून दे ना. दहा दिवस काय चाललंय तुझं?" मी तिला म्हटलं, शास्त्र आहे, घाईत होत नाही.

मुनीरभाईंचा कारखाना बंद झाला, हे तुला माहीत नसेल. लूम भंगारात गेले आणि तिथे आता गोदाम आहे. तू अभ्यासाला बसायचास तेव्हा त्या खडखडाटाला शिव्या द्यायचास. आता ब्राह्मण आळीपर्यंत आवाज येत नाही. घरी गेले की कुलूप उघडल्याचा आवाज मला माझाच ऐकू येतो. मी हल्ली दुकान उशिरा बंद करते.

हरणांचं पुढच्या वेळी. हरणं तुझ्याकडे संध्याकाळी बाहेर येतात की पहाटे, ते कळव. त्यावर बरंच अवलंबून आहे.

आई


भिवंडी, ४ मार्च

गंधार,

संध्याकाळी, म्हणतोस. उजेड अगदी जाता जाता. म्हणजे इथे काचेचा हिशेब लागतो, आणि तो तुला येतो, शाळेत भागाकारात कधी चुकला नाहीस.

पुढच्या काचेची रुंदी भागिले जितके पट तितके. चाळीस भागिले नऊ केलेस तर डोळ्यापर्यंत साडेचार मिलिमीटरचाही उजेडाचा झोत येत नाही. चाळीस भागिले सहा केलेस तर साडेसहा येतो. अंधारात तुझ्या वयाच्या माणसाची बाहुली सहा-सात मिलिमीटर उघडते. माझी आता पाचही उघडत नसेल. म्हणून संध्याकाळी आकडा वाढवायचा नाही, कमी करायचा. तुझा दुकानदार पन्नासची काच आणि बारापट विकायला बघतोय, त्याला म्हणावं, दुरून डोंगर साजरे.

हे झालं भिंगाचं. आता दुसरं.

तू लिहिलंस की दुकानात फुलीच्या मध्ये लाल दिवा लागणारा स्कोप दाखवला. दुकानदार म्हणाला, अंधारात हा निखाऱ्यासारखा दिसतो. तुला तो जेमतेम दिसला. 'बॅटरी संपली असेल,' असं तू लिहिलंस.

गंधार, बॅटरी संपली नव्हती.

या विषयावर आपण दोघं बोलत नाही. बोलत नाही म्हणूनच तू तिकडे आणि मी इकडे. पण तू मामाला तुझी बाजू सांगितलीस, बाबांना सांगितलीस, आणि माझी कुणी विचारली नाही. मीही सांगितली नाही. आज सांगते, मग हवं तर मेल पुसून टाक.

तुला लाल रंग मंद दिसतो. लाल, नारिंगी, तपकिरी आणि वाळलेला हिरवा हे तुझ्यासाठी एकाच घरातले. मामालाही तसंच आहे. हे आईकडून मुलाला येतं. मला सगळे रंग दिसतात, आणि तुझ्याकडचे गेले ते माझ्याच रक्तातून गेले. तुझ्या मुंजीत तू लाल सोवळं सोडून तपकिरी पंचा उचललास आणि सगळे हसले, तेव्हा मी हसले नव्हते. मला तेव्हाच कळलं होतं.

तुला बोटीवर जायचं होतं. त्यासाठी डोळ्यांच्या तपासणीत ते ठिपक्यांचं पुस्तक दाखवतात, रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायचा. ते पुस्तक आपल्या दुकानात होतं. चष्मेवाल्याचा मुलगा, तू ते पाठ केलंस. कितव्या पानावर कुठला आकडा, स्तोत्र म्हणावं तसं. आणि मुंबईच्या डॉक्टरांकडे घडाघडा म्हणून आलास. मी त्यांना फोन केला आणि सांगितलं, त्याला पुन्हा बोलवा आणि पानं उलटसुलट करून दाखवा. तू नापास झालास.

रात्री समुद्रात समोरच्या जहाजाची कुठली बाजू आपल्याकडे आहे, ते लाल आणि हिरव्या दिव्यावरून ओळखतात. मी बोटीवर काम केलेलं नाही, पण एवढं मला माहीत होतं. तू म्हणालास, आईने माझं आयुष्य उलटसुलट केलं. वाक्य चांगलं होतं. आजही पाठ आहे मला.

पुरे झालं. लाल दिव्याचा स्कोप तुझ्या कामाचा नाही. जाड काळी फुली घे, ती तुला कुणाहीइतकी स्वच्छ दिसेल.

थार राहिले आहेत. ते पुढच्या वेळी, लिहिलंस तर.

आई


भिवंडी, १६ मार्च

गंधार,

तू लिहिलंस. रागावशील आणि पुन्हा तोंड फिरवशील, या भीतीत मी आठवडा काढला. त्यातून तुझा लांबलचक मेल आला, गंमत म्हणून सांगितलेली गोष्ट आणि शेवटी 'थारचं सांग'. मी आधी आनंदाने वाचला. नंतर पुन्हा वाचला, आणि समोर एक गिऱ्हाईक चष्मा घालून आरशात बघत होतं, त्याला म्हटलं, उद्या या.

तुझी गोष्ट मी तुलाच परत सांगते, म्हणजे ती माझ्या तोंडून कशी वाटते ते तुला कळेल. संध्याकाळची वेळ. तू आणि कॉलिन वेगवेगळ्या बाजूंनी उतारावर. वाळलेल्या नेच्यांत काहीतरी तपकिरी हललं. तू बंदूक उचललीस, स्कोप त्यावर धरलास, आता कान दिसतील म्हणून वाट बघितलीस. तेवढ्यात ते तपकिरी उभं राहिलं आणि कॉलिन झालं. त्याच्या डोक्यावर टोपी होती. घरी जाताना तू त्याला म्हणालास, एक हरणी बघत होतो, निसटली. तो म्हणाला, असू दे, पुढच्या वेळी.

तुझ्या फोटोतली ती टोपी मी पुन्हा मोठी करून पाहिली. ती नारिंगी आहे, गंधार. उन्हाने विटलेली, पण नारिंगी. शिकाऱ्याला दुसऱ्या शिकाऱ्याने माणूस म्हणून ओळखावं, एवढ्यासाठीच ती घालतात. तू ती बघतोस आणि तुला वाळलेला पाला दिसतो.

आता सगळं सोडून एवढं ऐक. स्कोपमधून बघणं म्हणजे बंदूक रोखणं. स्कोप बघण्यासाठी नसतोच, आधी ओळखलेल्या जनावरावर नेम धरण्यासाठी असतो. बघायला वेगळी दुर्बीण घ्यायची, गळ्यात अडकवायची, दोन डोळ्यांची. तिच्यातून शिंगं दिसली, तोंड दिसलं, चारही पाय दिसले, मगच खांद्यावरची बंदूक काढायची. रंगावर काही ठरवायचं नाही. तुझ्याकडे स्कोप नसला तरी चालेल, दुर्बीण नसली तर चालणार नाही. मी हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

लिहिलं नाही, कारण तुझा पहिला मेल आला त्याच संध्याकाळी चारही शिकारींचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. एका कागदात मावलं असतं. जैनब खरं तेच बोलली होती. पण सगळं दिलं असतं तर तू 'थँक्स' लिहून गेला असतास. म्हणून मी सशाचं दिलं आणि डुक्कर मागे ठेवलं, डुकराचं दिलं आणि हरीण मागे ठेवलं. तुकडा तुकडा टाकत मी तुला माझ्याकडे बोलावत होते आणि तू तिकडे माणसावर बंदूक रोखत होतास.

कॉलिनला तुझ्या डोळ्यांचं सांगितलंयस का? एका शब्दात कळव. थारचं त्यानंतर.

आई


भिवंडी, २५ मार्च

गंधार,

एक शब्द मागितला होता, तू चार ओळी पाठवल्यास. नाही सांगितलं. सांगणारही नाहीस. सांगितलं तर तो नेणार नाही, आणि त्या गावात तुझं दुसरं कुणी नाही. इतर दिवशी कामावरच्या गाईंशी बोलतोस, रविवारी कॉलिनशी. आणि शेवटी, 'तू परत सुरू केलंस.'

दुसरं कुणी नाही, हे वाक्य माझ्या किती जिव्हारी लागलं, ते मला दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. मला ते लिहायचं होतं, तू आधी लिहिलंस. मला वाटायचं, तू तिकडे मित्रांत असशील, कुणी मुलगी असेल, म्हणून माझी आठवण येत नसेल. एकटा असून येत नव्हती, हे मला माहीत नव्हतं.

मी इंटरनेटवर वाचलं. एप्रिलमध्ये तिकडची नर हरणं हंबरतात आणि शिकारी तसाच आवाज काढून त्यांना बोलावतात. म्हणजे झाडीत हंबरणारं हरीण आहे की हरणाचा आवाज काढणारा माणूस, हे आवाजावरून कळायचं नाही. आणि तुला रंगावरून कळायचं नाही. तरी कॉलिन या बाजूने हंबरणार आणि तू त्या बाजूने बंदूक घेऊन चालणार.

परवा वज्रेश्वरीकडचा एक म्हातारा चष्म्याला आला होता, नवशा नावाचा. भातात डुकरं शिरतात, रात्री राखण करतो म्हणाला. मी विचारलं, अंधारात डुक्कर आहे की माणूस, कसं कळतं? तो हसला. "न्हाय कळत. म्हनून आदी हाळी देतो. मानूस आसंल तं ओ देतो. डुक्कर काय ओ देत न्हाय." त्याच्याकडे बंदूक नाही, फटाके आहेत. तरी फटाका टाकायच्या आधी तो हाळी देतो.

कॉलिनला तू सांग. येत्या रविवारी जेवायला जाशील तेव्हा सांग. त्याच्यासमोर बसून, जेवण झाल्यावर. तुझी जीभ जड होत असेल तर माझ्यावर ढकल, म्हण की आई म्हणते. रविवार गेला आणि तू सांगितलं नाहीस, तर मी सांगेन. त्याच्या ट्रकच्या दारावर शेताचं नाव आणि फोन नंबर लिहिलेला आहे. तूच फोटो पाठवलास.

हे मी तुला आधी कळवते आहे. मागच्या वेळी तुझ्या पाठीमागे केलं होतं. त्याचा राग तू जास्त धरलास, असं मला वाटतं.

आई


भिवंडी, १ एप्रिल

गंधार,

सोमवारी दिवसभर वाट पाहिली. तुझा मेल नाही. आज पहाटे, तुमच्याकडे दुपारची जेवणाची वेळ धरून, मी फोन केला.

फोन त्यानेच उचलला. माझं इंग्रजी दुकानापुरतं. त्याला आधी वाटलं, मी काहीतरी विकतेय. मग तुझं नाव ऐकल्यावर तो घाबरला, तुझ्या आईचा फोन म्हणजे घरी कुणी गेलं की काय. मी म्हटलं, कुणी गेलेलं नाही, आणि जाऊ नये म्हणूनच फोन केलाय. मग सांगितलं. लाल रंग, नारिंगी रंग, टोपी. त्या संध्याकाळची हरणी मी सांगितली नाही. ते तुझं आहे, तू सांगायचं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, तुमच्या मुलाला कुठला रंग नीट दिसतो? मी म्हटलं, निळा. तुम्हाला आणि मला दिसतो तसाच. तो म्हणाला, बरं. मग म्हणाला, तो रविवारी आला होता, पुष्कळ जेवला, पण अर्धवट बोलून गप्प व्हायचा, मला वाटलं, घरची आठवण येते आहे.

म्हणजे तू सांगायला गेला होतास. तोंडापर्यंत आणलंस आणि गिळलंस. मी एखाददुसरा दिवस थांबायला हवं होतं का, हे मी सकाळपासून स्वतःला विचारते आहे. शनिवारी तुम्ही जाणार होतात. नाही, थांबायला नको होतं.

आता तुला जे बोलायचं ते बोल. मी दुकानात आहे.

आई


भिवंडी, १४ एप्रिल

गंधार,

तुझा मेल काल आला. दोनच वाक्यं. 'कॉलिन या वर्षी मला नेणार नाही. तू हे दुसऱ्यांदा केलंस.'

हो. तिसरी वेळ आली तर तिसऱ्यांदाही करीन.

मी यावर रडले, हे लपवत नाही. जैनब आली, तिने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि चहा मागवला. तिने तुझी बाजू घेतली, मग माझी घेतली, मग म्हणाली, दोघं सारखेच हट्टी, जाऊ दे. घरी गेल्यावर मी ठरवलं की तुझं उरलेलं उत्तर पूर्ण करायचं. तू विचारलं होतंस आणि मी ते अडवून ठेवलं होतं, हे बरोबर नव्हतं.

थार. उघडा डोंगर, लांबचं अंतर, भरपूर उजेड. इथे मोठे आकडे चालतात, चारपट ते सोळापट. काच पन्नासची घेतलीस तरी चालेल, पण डोंगर चढताना वजन तुझ्याच खांद्यावर येणार, म्हणून मी चव्वेचाळीसवर थांबले असते. लांबच्या अंतरावर सशाचाच दोष पुन्हा येतो, तेव्हा बाजूला अंतर जुळवायचं चाक हवंच. उन्हात हवा थरथरते, तेव्हा सोळापटीवर फक्त थरथर मोठी दिसते. मग आकडा खाली आण.

चार स्कोप घ्यायची गरज नाही. सशाच्या रायफलीवर छोटा, चारपटीचा, पन्नास यार्डांचा. मोठ्या रायफलीवर एकच, दोनपट ते दहापट, बेचाळीसची काच, जाड काळी फुली, दिवा नको. झाडीत दोनपट, संध्याकाळी सहापट, डोंगरात दहापट. थार एवढ्यात नीट मारता येतात, बाकीची हौस. डोळा काचेपासून चार बोटं. मागची कडी फिरवून फुली तुझ्या नंबरला जुळवून घे. पांढऱ्या भिंतीकडे बघून, एका नजरेत, टक लावून नाही. टक लावली की डोळा खोटं बोलतो. आणि सगळ्यांच्या आधी दुर्बीण, आठपट, बेचाळीसची. पैसे एकाच वस्तूचे असतील तर ती घे, बाकी राहू दे.

कॉलिनकडे रविवारी जा. तो शिकारीला नेणार नाही म्हणालाय, जेवायला येऊ नको म्हणालेला नाही. त्या हरणीचं खरं सांग. तो भडकेल. भडकलेला माणूस समोर बसलेला असतो, त्याच्याशी बोलता येतं. मेलेल्याशी येत नाही. बाबा गेल्यापासून मला ते रोज कळतं.

आणि तूही माझ्यावर भडकलेला राहा, हवं तितकी वर्षं. आईवर रागावलेला, जिवंत, कुणाच्या मरणाचं ओझं नसलेला मुलगा मला चालतो. मी त्याच्यासाठी दोन वेळा किंमत मोजली आहे आणि मला ती जास्त वाटली नाही.

हे आता संपलं. स्कोपबद्दल मला जे येत होतं, ते सगळं वर लिहिलंय. मागे काही ठेवलेलं नाही. तुला मला विचारण्यासारखं आता काही उरलं नाही. यानंतर तू लिहिलंस तर ते बिनकामाचं पत्र असेल.

मला तेच हवं आहे.

आई